दहावीनंतर अप्रेंटिस लागलं तर पगार किती मिळतो, आणि पुढे कायम करतात का?

प्रश्न विचारणाऱ्याने लिहिलंय: दहावीला ५८ टक्के पडले, अकरावी-बारावी करून काही हाती लागेल असं वाटत नाही, घरी दोन एकर कोरडवाहू. मित्र म्हणतो कंपनीत अप्रेंटिस लाग, शिकवतातही आणि पगारही देतात. हे खरं आहे का, आयटीआय न करता थेट लागता येतं का, आणि नंतर कायम करतात का?

तुला 'तू' म्हणतोय, राग मानू नकोस. माझा धाकटा तुझ्याच वयाचा आहे. मी स्वतः टर्नर, म्हणजे लेथवर लोखंड कातणारा. तालुक्याच्या आयटीआयतून १९९७ साली बाहेर पडलो आणि भोसरीत प्रेस टूल, म्हणजे पत्र्याचे पार्ट काढायचे साचे, बनवणाऱ्या एका कंपनीत वर्षभर अप्रेंटिस होतो. आता दुसरीकडे टूलरूम, म्हणजे असे साचे बनवायचा विभाग, सांभाळतो. दरवर्षी सात-आठ पोरं हाताखाली येतात, त्यातली निम्मी तुझ्यासारखाच प्रश्न घेऊन येतात.

मित्र अर्धं खरं सांगतोय. पैसे मिळतात, पण तो पगार नाही, विद्यावेतन आहे. हा शब्दांचा खेळ वाटेल, पण सगळी गोम त्यातच आहे. हे सगळं चालतं १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यावर, आणि तो कायदा स्पष्ट सांगतो की अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. म्हणून पीएफ नाही, बोनस नाही, युनियनचा पगारवाढीचा करार तुला लागू नाही. मात्र कारखान्यातली सुरक्षितता, आरोग्य, पिण्याचं पाणी, कॅन्टीन हे नियम तुलाही लागू आहेत आणि कामावर इजा झाली तर भरपाईही कामगारासारखीच. "तू कायम नाहीस, तुझी जबाबदारी आमची नाही" असं कोणी म्हणालं तर ते खोटं आहे, एवढं डोक्यात ठेव.

आता आकडे. २०१९ च्या नियमांप्रमाणे किमान विद्यावेतन असं: पाचवी ते नववीपर्यंत शिकलेल्याला ५,००० रुपये, दहावी पासला ६,०००, बारावी किंवा आयटीआय झालेल्याला ७,०००, डिप्लोमावाल्याला ८,००० आणि पदवीधराला ९,०००. दुसऱ्या वर्षी १० टक्के वाढ, तिसऱ्या वर्षी मूळ रकमेवर १५ टक्के. आयटीआयमध्ये घातलेली वर्षं यात मोजली जातात. म्हणून दोन वर्षांचा ट्रेड, म्हणजे फिटर-टर्नरसारखा कामाचा विषय, केलेल्या पोराला ७,००० नाही तर ८,०५० रुपये धरतात आणि वेल्डरसारखा एका वर्षाचा ट्रेड केलेल्याला ७,७००. थेट दहावीवरून घेतलेल्यांना पायाभूत प्रशिक्षणाचे पहिले तीन महिने बऱ्याच ठिकाणी निम्मीच रक्कम देतात, तेव्हा पहिल्या महिन्यात ३,००० हातात आले म्हणून घाबरून घरी फोन करू नकोस. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने हे दर ३६ टक्क्यांनी वाढवून ६,८०० ते १२,३०० करावेत अशी शिफारस केली आहे. करारावर सही करायच्या दिवशी कोणते दर चालू आहेत ते अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर बघ. हे सगळं किमान आहे, कंपनीला जास्त द्यायला कोणी अडवलेलं नाही आणि बऱ्याच देतात.

एक गोष्ट दरवर्षी गोंधळ घालते. खाजगी कंपनी केंद्राच्या प्रोत्साहन योजनेत असेल तर विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, जास्तीत जास्त दीड हजार, सरकार देतं आणि तो थेट तुझ्या खात्यात वेगळा जमा होतो. कंपनीचे पैसे आधी येतात, सरकारचे मागून. पोरं म्हणतात, "साहेब, दीड हजार कापले." कापलेले नसतात, आधार खात्याला जोडलेलं नसतं किंवा आधारवर नाव एक आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरं असतं. माझ्याकडच्या एका पोराच्या आधारवर वडिलांचं नावच नव्हतं, त्याचे पाच महिन्यांचे पैसे अडकले. हे काम आत्ता सुट्टीतच उरकून घे.

थेट दहावीवर लागता येतं का? येतं. कायद्याने वय १४ पूर्ण हवं, धोक्याच्या कामांसाठी १८. मुंबईच्या माझगाव डॉकची अप्रेंटिस शाळा हे यातलं ठळक उदाहरण. तिथे आठवी पास, दहावी पास आणि आयटीआय पास असे तीन वेगळे गट असतात. दहावीच्या गटातून इलेक्ट्रिशियन, फिटर, पाइप फिटर असे ट्रेड मिळतात आणि आठवीच्या गटातून रिगर (जड सामान बांधून उचलणारा), वेल्डर. ऑनलाइन परीक्षा असते, गणित-विज्ञानाची थोडी तयारी लागते, आणि जहाजाच्या पोटात उतरून वेल्डिंग शिकणं म्हणजे काय ते तिथली पोरं सांगतात तेव्हा ऐकत राहावं. पण अशा जागा थोड्या. चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूरच्या बहुतेक कंपन्यांना आयटीआय झालेला पोरगा हवा असतो, कारण त्याला व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, धरायला शिकवावं लागत नाही. एसटीच्या कार्यशाळा, महावितरण, रेल्वे या ठिकाणीही बहुतांश जागा आयटीआयवाल्यांनाच.

म्हणून माझं मत विचारशील तर आधी सरकारी आयटीआय, दोन वर्षांचा ट्रेड, आणि मग अप्रेंटिसशिप. दोन वर्षं काही कमाई नाही हे मला कळतं. दोन एकर कोरडवाहूवर दोन वर्षं म्हणजे काय तेही कळतं, आमच्याकडे तीन होती. पण सरकारी आयटीआयची फी फार नसते आणि त्या दोन वर्षांनी पुढचे दरवाजे रुंद होतात. अगदीच अडचण असेल आणि माझगावसारख्या ठिकाणी थेट नंबर लागला, तर मात्र आयटीआयसाठी ते सोडू नकोस.

आता तुझ्या प्रश्नात नसलेली गोष्ट, आणि मला खरं तर तीच सांगायची आहे.

भोसरीत पहिल्या दिवशी मिस्त्रींनी माझ्या हातात कानस दिली आणि पन्नास मिलिमीटरचा लोखंडाचा एक चौकोनी तुकडा. मी म्हटलं, मी टर्नर आहे, मला लेथ द्या. ते म्हणाले, याच्या सगळ्या बाजू गुण्यात आण, मग बोलू. गुण्यात म्हणजे बरोबर काटकोनात. बेंच व्हाइसला तुकडा आवळून मी चार दिवस घासत होतो. दर तासाभराने त्यांच्याकडे न्यायचा. ते तुकड्याला गुण्या लावायचे, ट्यूबलाइटसमोर धरायचे आणि म्हणायचे, "उजेड दिसतोय." बस, एवढंच. गुण्याच्या पात्याखालून केसाएवढी उजेडाची रेघ दिसली की तुकडा परत. एक बाजू सरळ केली की शेजारची बिघडायची. हाताला फोड आले, ते फुटले, त्यांना घट्टे पडले. पाचव्या दिवशी दुपारी त्यांनी तुकडा वर धरला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. सगळ्या बाजू बंद, कुठेच उजेड नाही. मग त्यांनी खिशातून व्हर्निअर काढून माप घेतलं. पन्नासचा तुकडा सेहेचाळीसवर आला होता. ते हसले, तुकडा भंगाराच्या पेटीत टाकला आणि नवा दिला. "आता गुण्यात पण आण आणि मापात पण."

तो भंगारात गेलेला तुकडा म्हणजे माझं शिक्षण. लोखंड कंपनीचं, कानस कंपनीची, पाच दिवसांचं विद्यावेतन कंपनीचं, आणि त्यातून विकायला काही निघालं नाही. अप्रेंटिसशिप म्हणजे पैसे घेऊन तुकडे वाया घालवायची परवानगी. कॉलेजात ही मिळत नाही, कारण तिथे लोखंडच नसतं. नोकरीत मिळत नाही, कारण तिथे वाया गेलेला तुकडा तुझ्या नावावर चढतो. मध्ये हे एक-दोन वर्षांचंच दार आहे. कायदा करणाऱ्यांनाही हे कळलं होतं असं मला वाटतं, कारण त्यात एक कलम आहे: अप्रेंटिसला नगावर पैसे द्यायचे नाहीत आणि उत्पादन बोनसच्या योजनेतही त्याला घ्यायचं नाही. ओव्हरटाइमसुद्धा शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या, म्हणजे या कायद्याखालच्या सरकारी अधिकाऱ्याच्या, मंजुरीशिवाय नाही. म्हणजे तुझ्यावर नग मोजायचा दबावच यायला नको.

कागदावरचं हे सगळीकडे होतं का? नाही. त्याच वर्षी लांडेवाडीत कॉट बेसिसवर आमच्या खोलीत राहणारा फिटर दुसऱ्या एका कंपनीत अप्रेंटिस होता. त्याला वर्षभर एकच काम: प्रेसवरून निघालेल्या पार्टची बर, म्हणजे कडेला राहिलेली खरखरीत धार, काढायची आणि क्रेटमध्ये रचायची. दिवसाला आठशे नग. विद्यावेतन त्याला माझ्यापेक्षा जास्त होतं, वीस तारखेनंतर मेसचे पैसे मी त्याच्याकडूनच उसने घ्यायचो. वर्ष संपलं, दोघांना प्रमाणपत्र मिळालं, कागद अगदी सारखाच. त्यानंतर एका टूलरूममध्ये दोघांनी ट्रायल दिली. त्याला एक डाय, म्हणजे प्रेसचा साचा, उघडून परत बसवायला सांगितली. वर्षभर त्याने डाय आतून पाहिलीच नव्हती. पुढे तो ठेकेदाराकडे लागला आणि बरीच वर्षं तिथेच राहिला. हुशारीत तो माझ्या दोन पावलं पुढे होता, हे मी मुद्दाम लिहितोय.

तेव्हा कंपनीत चौकशीला जाशील तेव्हा किती देता हे विचार, पण त्याआधी हे विचार की गेल्या वर्षीच्या अप्रेंटिसनी कोणते जॉब केले, दाखवता का. चांगल्या ठिकाणी ट्रेनिंग सेक्शनमध्ये एखादं कपाट असतं, त्यात पोरांनी केलेले व्ही-ब्लॉक, हातोड्या, ड्रिल व्हाइस ठेवलेले असतात. दाखवताना तिथल्या माणसाचा चेहराच सांगतो. जिथे "काम सगळं लाइनवरच असतं" असं उत्तर येईल तिथे पुढचं तूच समज. थिअरीचे तास कधी होतात तेही विचार. तुझ्या ट्रेडची थिअरी शिकवणं आणि तिचा खर्च करणं कायद्याने मालकाकडे आहे, ती ऐच्छिक मेहेरबानी नाही. ड्रॉइंग वाचणं, गणित, मापनशास्त्र हे तिथेच होतं, आणि हेच जमलं नाही की पोरगा पुढे परीक्षेत अडकतो.

दुसरं, करार. कायद्यातल्या अप्रेंटिसशिपचा लेखी करार असतो, तो अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर नोंदला जातो आणि त्याला क्रमांक पडतो. तू अठराच्या आत असशील तर पालकांचीही सही लागते. करारावर ट्रेडचं नाव, मुदत आणि विद्यावेतन लिहिलेलं असतं. गेटवरचा ठेकेदार "ट्रेनी म्हणून घेतो, नंतर बघू" म्हणाला आणि असा करार नसेल, तर ती अप्रेंटिसशिप नव्हे. तिथे शेवटी राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळणार नाही, मग कार्डावर काही का छापलेलं असेना. राज्य सरकारची मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आहे, तिच्यात बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० देतात. पुष्कळ लोक ती आणि ही एकच समजतात. ती वेगळी आहे: १८ वर्षांवरच्यांसाठी, काही महिन्यांची, आणि त्यात ट्रेडची परीक्षा नाही. तुला आत्ता ती लागूही नाही.

कंपन्या तुला घेतात ते काही धर्मादाय म्हणून नाही. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला, कंत्राटी धरून, एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस ठेवणं बंधनकारक आहे. पूर्वी न ठेवणाऱ्याला तुरुंगाचीसुद्धा तरतूद होती, २०१४ च्या दुरुस्तीत ती काढून दंडच ठेवला. सांगायचं एवढंच की गेटवर मिंधेपणाने उभं राहू नकोस. त्यांना तुझी गरज आहे.

आमच्याकडे 'कमवा आणि शिका' म्हटलं की कर्मवीर भाऊराव पाटील आठवतात, आणि वडीलधारी मंडळी अप्रेंटिसशिपलाही त्याच पारड्यात टाकतात. पण फरक आहे. रयतच्या वसतिगृहातली पोरं शेतात राबायची ती शिकण्याचा खर्च निघावा म्हणून. राबणं वेगळं, धडा वेगळा. इथे राबणं हाच धडा आहे. म्हणूनच राबणं चुकीचं मिळालं तर धडाही जातो.

आता शेवटचा प्रश्न, कायम करतात का. कायदा म्हणतो, अप्रेंटिसला नोकरी द्यायला मालक बांधील नाही आणि ती घ्यायला अप्रेंटिसही बांधील नाही. फक्त प्रत्येक कंपनीने आपलं भरतीचं धोरण ठरवावं. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये उत्तर प्रदेश परिवहन महामंडळाच्या प्रकरणात एवढं म्हटलं की बाकी सगळं सारखं असेल तर बाहेरच्यापेक्षा शिकलेल्या अप्रेंटिसला प्राधान्य द्यावं. प्राधान्य म्हणजे हमी नाही. रेल्वेत लेव्हल एकच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या श्रेणीच्या, जागांपैकी २० टक्के आपल्याकडे अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांसाठी ठेवल्या. पण तेवढ्याने भागत नाही म्हणून २० मार्च २०१८ ला शेकडो पोरं दादर-माटुंग्यादरम्यान रुळांवर बसली आणि मध्य रेल्वे सकाळच्या गर्दीत ठप्प झाली. ट्रेनिंगला असताना आपण रेल्वेचेच झालो असं त्यांना वाटलं होतं. त्यांचं दुःख खोटं नव्हतं, पण करारात ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

खाजगीत हिशेब वेगळा. आमच्याकडे आठातले दोन-तीन आम्ही ठेवतो, तेही आधी मुदतीच्या करारावर. बाकीचे बाहेर जातात, आणि ज्याच्या हाताला काम लागलंय तो महिनाभरही रिकामा बसत नाही. शेवटची अखिल भारतीय ट्रेड परीक्षा दे म्हणजे दे. वर्ष संपायला आलं की पोरांना कुठेतरी चार पैसे जास्त दिसतात, ती परीक्षा सोडून पळतात, आणि पुढे सरकारी जाहिरात आली की राष्ट्रीय प्रमाणपत्रासाठी माझ्याकडे फेऱ्या मारतात. ते मी कुठून देणार?

शिक्षण संपलं असंही समजू नकोस. दहावीनंतर दोन वर्षांचं आयटीआय केलेल्याला बोर्डाचे भाषा विषय देऊन बारावीची समकक्षता मिळते, आणि डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षालाही प्रवेशाची सोय आहे. माझ्या हाताखालून गेलेली एक मुलगी, हो, मशिनिस्ट ट्रेडची मुलगी, आता डिप्लोमा करून एका कंपनीच्या डिझाइन विभागात आहे. तिने काढलेली ड्रॉइंग आमच्याकडे येतात आणि त्यातल्या मापांवर आम्ही क्वचितच वाद घालतो.

आयटीआयचे ऑनलाइन अर्ज दहावीच्या निकालाच्या सुमारास सुरू होतात. इलेक्ट्रिशियनला सगळ्यात गर्दी असते, टर्नर आणि मशिनिस्टला त्या मानाने कमी. विकल्प भरताना फक्त घराजवळची आयटीआय भरू नकोस, जिथे वसतिगृह आहे तीही भर. तुझा तालुका कोणता आणि गणितात किती पडलेत ते खाली लिही, मग ट्रेडचं बोलू.